लहू केरू, रिंग खाते

शुक्रवारी सकाळी शैलाचे वडील अठ्ठावन्न वर्षांचे झाले. होळीनंतर आठवड्याभरात ते गेले तेव्हा सत्तावन्नचे होते. गुरुवारी संध्याकाळी ती ऑफिसातलं कॉम्प्युटर टर्मिनल बंद करून घरी निघाली तेव्हाही सत्तावन्नचेच होते. आता पडद्यावर हिरव्या अक्षरांत त्यांच्या नावाच्या ओळीत अठ्ठावन्न होतं. लहू केरू, रिंग खाते, अठ्ठावन्न, ॲबसेंट. तिने चहाचा कप खाली ठेवला. कुणीतरी हात लावला असेल असं आधी वाटलं, आणि त्या कुणाचातरी इतका राग आला की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मग तिची नजर वरखाली गेली. वरचा माणूस एका वर्षाने मोठा झाला होता. खालचा कोंडीराम सखाराम, आबांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, जिवाभावाचा दोस्त, तोही झाला होता. एका दिवसात गिरणीतलं अख्खं रिंग खातं, सूतकताईचं खातं, एका वर्षाने म्हातारं झालं होतं. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. एक जून.

एक जूनचं तिला लहानपणापासून माहीत होतं. आबा गावाहून गिरणीत आले तेव्हा जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. टाइम ऑफिसातला बाबू रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचा, मिशी किती फुटलीय ते बघायचा, मनाशी एक साल ठरवायचा आणि पुढे एक जून लावून मोकळा व्हायचा. शाळामास्तरही तेच करत, जूनमध्ये शाळा उघडते म्हणून. आबा सांगायचे, "आमच्या खात्यात एक जूनला सगळ्यांचे वाढदिवस. एवढा केक कापायचा तर मॉन्जिनीसवाला रात्रपाळीला लावावा लागंल." हा विनोद ते दर वर्षी करायचे आणि आई दर वर्षी, पोळपाटावरून नजर न उचलता, "झालं यांचं सुरू," म्हणायची. या वर्षी तो विनोद करायला घरात कुणी नव्हतं. मशीनने केला होता.

दस्तूरसाहेबांचं हे ऑफिस फणसवाडीत एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. दुसऱ्यांचे हिशेब, दुसऱ्यांच्या नोकरांची नावं, दुसऱ्यांच्या गोदामातला माल हे सगळं इथल्या एका मशीनमध्ये राहायचं. मशीनला काचेची खोली आणि एअरकंडिशनर होता, माणसांना पंखे. संप विरत गेल्यावर आबांच्या गिरणीने आपल्या कामगारांचा पट कागदावरून इथे आणला होता, आणि तीन वर्षांपूर्वी शैला या नोकरीला लागली तेव्हा पहिल्याच महिन्यात ती फाइल तिच्या वाट्याला आली होती. आता गिरणीला पट साफ करायचा होता. जे ॲबसेंट असतील त्यांची यादी मंगळवारी द्यायची. मग वर्तमानपत्रात एक नोटीस, आणि ती सगळी नावं पटावरून कमी. कागदावर हे इतकं साधं दिसत होतं की महिनाभर ती त्या यादीची तयारी करत होती आणि आपण काय करतोय हे तिने स्वतःला नीट विचारलंच नव्हतं. किंवा विचारलं होतं आणि ऐकलं नव्हतं. अठ्ठावन्न हा आकडा दिसला तेव्हा ते सगळं एकदम तिच्या अंगावर आलं.

तिने आबांची नोंद उघडली. नाव, बिल्ला नंबर, खातं, जन्मतारीख, कामावर लागल्याची तारीख, शेवटच्या हजेरीची तारीख: सोळा जानेवारी ब्याऐंशी, शनिवार. रविवारची सुट्टी आणि सोमवारी संप. पुढची घरं रिकामी. वय कुठेच नव्हतं. ॲबसेंट हा शब्दही कुठेच नव्हता. तिला हे माहीत असूनही तिने दोनदा पाहिलं, हरवलेली वस्तू जिथे नसते तिथेच आपण पुनःपुन्हा बघतो तसं. या मशीनची रीतच अशी होती. प्रत्येक फाइलला शेजारी एक डिक्शनरी. कुठल्या शब्दाचा अर्थ काय, ते तीत लिहिलेलं. खातं म्हणजे तिसऱ्या घरात बघ. जन्मतारीख म्हणजे चौथ्या. पण काही शब्दांपुढे घराचा नंबर नसायचा. तिथे लिहिलेलं असायचं, अमुक सबरूटीनला, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रामला, हाक मार, आणि ती जे सांगेल ते छाप. वय विचारलं की मशीन त्या सबरूटीनला बोलवायचं, ती आजच्या तारखेतून जन्मतारीख वजा करायची आणि आकडा हातात ठेवून निघून जायची. विचारणारा थांबला की ते वयही नाहीसं. माणूस त्या फाइलमध्ये धड जिवंत नव्हता, धड मेलेला नव्हता. कुणी विचारलं की तेवढ्यापुरता कितीतरी वर्षांचा व्हायचा.

हे तिने आबांना एकदा समजावलं होतं. डिलाईल रोडच्या चाळीत, गॅलरीत, रविवारी. आबांच्या पायांच्या अंगठ्यात जाळं अडकवलेलं, हातात सुई. संपाच्या दुसऱ्या वर्षापासून ते वरळी कोळीवाड्यात काशीबाईची जाळी दुरुस्त करून द्यायचे. रिंग खात्यात तुटलेला धागा चालत्या चातीवर सांधायची बोटं. नायलॉनचं जाळं म्हणजे त्यांना आरामाचं काम वाटायचं. काशीबाई म्हणायची, "लहूदादा, तुजी गाठ म्हावऱ्याला पन नाय सुटायची." तरी कुणी विचारलं, काय करता हल्ली, तर त्यांचं उत्तर प्रश्न पुरा व्हायच्या आधी तयार असायचं. "संपावर हाय." तीन वर्षं झाली, पाच झाली, सात झाली. समोरचा हसायचा, किंवा हसू दाबायचा. त्या रविवारी त्यांनी विचारलं, तुमच्या त्या यंत्रात माझ्या नावापुढं काय लिहिलंय? शैलाने सांगितलं, ॲबसेंट.

"गैरहजर?"

"हो. पण तसं लिहिलेलं नाहीये आबा. ते कुठेच लिहिलेलं नसतं. विचारलं की एक सबरूटीन येते आणि सांगते. नाव डिक्शनरीतल्या शब्दाचं, काम करणारी वेगळीच."

आबांनी सुई थांबवली. "म्हंजे बदली कामगार. बिल्ला एकाचा, मशीनवर उभा दुसराच."

"तसंच काहीसं."

"मग त्या बदलीला जाऊन सांग, लहू केरू गैरहजर न्हाई. संपावर हाय."

ती हसली होती. तेही हसले होते. जाळ्यातला एक धागा त्यांनी दातांनी तोडला होता. आता पंख्याखाली बसल्यावर तिला तो बारीक कट्ट आवाज ऐकू आला आणि तिने उगाचच कळफलकावरचं एक बटण जोरात दाबलं.

दस्तूरसाहेब चष्मा कपाळावर चढवून चेकवर सह्या करत होते. ती दारात उभी राहिली. तिने सांगितलं की गिरणीच्या फाइलमध्ये मेलेल्या माणसासाठी जागाच नाही. माणूस गेला तरी त्याचं वय वाढत राहतं आणि तो ॲबसेंट म्हणून यादीत येतो. सबरूटीन बदलायला हवी.

"कोण मेला?"

"माझे वडील, सर. त्या फाइलमध्ये आहेत."

साहेबांनी पेन ठेवलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. आबा गेले तेव्हा त्यांनी टॅक्सी करून चाळीत येऊन हात जोडले होते. "दिकरी," ते म्हणाले, "तुझा दुःख मला समजते. पण डेटा आपला नाय. मिलचा हाय. मिल बोलेल हा माणूस मेला, तर आपण लिहील मेला. मिल नाय बोलेल, तर आपण कोण? तू सर्टिफिकेट घेऊन टाइम ऑफिसला जा. ते एक चिठ्ठी देईल, तू बदल कर. फिनिश."

"आणि सबरूटीन?"

"सबरूटीन हेरंबची हाय. तिला हात नको लावू. चालते ती चालू दे."

चालते ती चालू दे. जागेवर येऊन बसेपर्यंत तिच्या डोक्यात ते वाक्य घरंगळत होतं. इथला प्रोग्रामर हेरंब दोन वर्षांपूर्वी मस्कतला गेला. हुशार, गोरेला, गिरगावातल्या गिरगावात वाढलेला, आणि आपण लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येऊ नये यात त्याला कसलासा आनंद व्हायचा. डिस्कवर जागा नाही म्हणून त्याने जाताना मूळ लिखाण पुसून टाकलं होतं. मशीनला कळणारी प्रत तेवढी शिल्लक होती, माणसाला कळणारी नाही. "सोर्स ठेवला की लोक हात लावतात," असं म्हणायचा. त्याने कधी गिरणीचं गेटही पाहिलं नव्हतं. एका दुपारी बटाटेवडा खाता खाता त्याने ठरवलं असणार, की हजेरी जुनी असेल आणि सोडल्याची तारीख नसेल तर तो ॲबसेंट. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. हेतू नसल्याचाच तिला जास्त राग येत होता. हेतू असता तर भांडता आलं असतं.

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर ती मृत्यूचा दाखला घेऊन लालबागला गिरणीवर गेली. गेटाच्या आत एक शेड चालू होती, बाकीच्यांच्या काचा फुटलेल्या. लहानपणी ती आबांचा डबा घेऊन इथवर यायची तेव्हा रस्त्यालाच एक घरघर असायची, पायांतून वर चढणारी. आता पायांना काही लागत नव्हतं आणि त्याने तिला चालताना अडखळल्यासारखं झालं. टाइम ऑफिसच्या खिडकीमागे एक माणूस पंचा मानेवर टाकून बसला होता. त्याने दाखला वाचला, उलटा करून कोरी बाजूही वाचली.

"कोण हे?"

"लहू केरू. रिंग खाते. माझे वडील. त्यांचा मृत्यू नोंदवायचाय."

"कामावर होते?"

"पटावर नाव आहे."

"पटावर लई जणांची नावं हायेत, बाई. कामावर होते का?"

"संपानंतर घेतलं नाही त्यांना."

"म्हंजे गैरहजर. गैरहजर माणूस मेला का जगला, आमाला काय ठाऊक? तो आला पायजे ना हितं. हजर झाला पायजे. मग मेला तर आमी नोंद करू."

शैला त्याच्याकडे बघत राहिली. तो टिंगल करत नव्हता. त्याला ते खरोखरच बरोबर वाटत होतं. "म्हणजे मेल्याची नोंद करायला त्यांनी आधी कामावर यायचं?" तिने विचारलं. आवाज चढला होता, मागे उभे असलेले दोघे वळून बघू लागले.

"मी कुठं म्हनतो यावं? मी नियम सांगतो. आन् आता नोटीस निघनारच हाय की. नाव आपोआप जाईल. तुमाला कशाला तरास?" त्याने दाखला खिडकीतून बाहेर सरकवला, अगदी हळू, कागद चुरगळू नये म्हणून.

रविवारी कोंडीरामकाका आले. जयभीम म्हणत आत आले, भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडले, शेजारच्या आबांच्या फोटोकडे मात्र सरळ बघितलं नाही. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत हा माणूस आणि आबा याच उंबऱ्यावर बसून एक विडी दोघांत ओढायचे. जलदान विधीला काकांनीच सगळ्यांना पाणी वाढलं होतं आणि शेवटी स्वतः जेवायला विसरले होते. घरच्या खानावळीच्या चपात्यांचा ढीग पालथ्या टोपलीवर निवत होता. आई, पुतळाबाई, लाटतच होती. शैलाने यादीचं सांगितलं. खिडकीवरचंही सांगितलं. कोंडीरामकाका आधी खो खो हसले, मग खोकले.

"आन् मी? मीबी झालो का म्हातारा परवा?"

"झालात. एकसष्ट."

"बापरे. म्हंजे खरा पासष्टचा आसन. बाबूनं मिशी बघून पोरगा समजला मला."

आई लाटणं थांबवून म्हणाली, "यादी कोन काढतंय?"

"मीच, आई."

पुतळाबाईने पोळपाटावर पीठ भुरभुरलं. मग म्हणाली, "तूच काढतीस तर मग एवढं कर. जिवंतपनी त्यास्नी आत घेतलं न्हाई. मेल्यावर तरी गेटाभाईर काढू नगंस. मेले म्हनून लिव्ह. पटावर असताना मेले म्हनून लिव्ह." तिने पुन्हा लाटायला घेतलं. चपाती एका बाजूला जाड राहिली. आईची चपाती तशी कधी व्हायची नाही.

"बरोबर बोलते वहिनी," कोंडीरामकाका म्हणाले. "लहूचं नीट लाव पोरी. आमचं सोड. आमी हाओत अजून भांडायला."

रात्रभर ती कूस बदलत राहिली, आणि झोपेत की जागेपणी कोण जाणे, तिला संपाच्या दुसऱ्या वर्षातली एक दुपार दिसत राहिली. तिची कॉलेजची परीक्षा होती. खात्याचा जॉबर, कामगारांवरचा मुकादम, घरी आला होता, त्याला खुर्ची दिली होती, घरात एकच. तो म्हणत होता, लहू, हमीपत्रावर सही कर, उद्या सकाळी मागच्या गेटाने ये, मी उभा राहतो. कुणाला कळणार नाही. आबांनी विचारलं, "खात्यातल्या सगळ्यांना घेता?" जॉबर म्हणाला, सगळ्यांचं मी कसं सांगू, तुझ्यापुरतं बोल. आबा म्हणाले, "माझ्यापुरतं मला बोलता येत न्हाई." बस्स. जॉबरने चहा अर्धा टाकला आणि गेला. शैला आतल्या पडद्यामागे पुस्तक घेऊन बसली होती आणि तिला वडिलांचा भयंकर राग आला होता. एकट्याने गेलं तर काय होतं? एका माणसाने गेलं तर काय जगबुडी होते? पुस्तकातल्या माणसांना असं वागताना पाहून ती भारावून जायची. घरातला माणूस तसा वागला की चूल कशी पेटायची ते आईच्या तोंडावर दिसायचं. तो राग कुठे गेला नव्हता. आबा गेल्यावर त्याला बसायला जागा उरली नाही, म्हणून तो तिच्या बोटांत, मानेत, दातांत फिरत होता.

सोमवारी सकाळी दस्तूरसाहेब यायच्या आधी ती बसली. आबांच्या नोंदीत एका रिकाम्या घरात तिने मृत्यूची तारीख भरली. मग हेरंबच्या सबरूटीनचं नाव जसंच्या तसं ठेवून ती नव्याने लिहिली. मृत्यूची तारीख असेल तर सांग मयत, नाहीतर हेरंबचीच वाट. वयाच्या सबरूटीनलाही तसंच शिकवलं, तारीख असेल तर तिथे मोजणं थांबव. दोन्ही मशीनच्या भाषेत करून घेतल्या, आबांची ओळ मागवली. नाव आलं, खातं आलं. वय कोरं. स्थिती कोरी. तिने परत मागवलं. कोरं. लहू केरू, रिंग खाते, आणि पुढे नुसता हिरवट काळोख. तिने ओळ न् ओळ तपासली, तिसऱ्यांदा तपासली, तोंडाने शिवी पुटपुटली. चूक कुठेच नव्हती. अर्ध्या तासाने तिच्या ध्यानात आलं की तिने आधी प्रश्न ठेवला होता आणि शेवटी उत्तराची जागा. डिक्शनरीतून हाक मारलेल्या सबरूटीनने उत्तर पहिल्या जागी ठेवायचं असतं, प्रश्न त्याच्या मागे. शाळकरी चूक. उत्तर आधी. ती खुर्चीत मागे टेकली. आबांना ही गोष्ट सांगायला हवी होती. त्यांना त्यात काही नवल वाटलं नसतं.

तिने जागा बदलल्या. पुन्हा मागवलं. तरीही वय कोरं, स्थिती कोरी. जुनंच. तिने टेबलावर हात आपटला, पलीकडच्या टेबलावरच्या नलूने मान वर केली. "काय गं?"

"बदलूनही बदलत नाहीये."

"बाहेर जाऊन आत आलीस का?"

"काय?"

"लॉग ऑफ कर, परत ये. तू आत असेपर्यंत तुझ्यापाशी जुनीच प्रत राहते. हेरंब शिव्या द्यायचा यावरून." नलूने पुन्हा मान खाली घातली.

ती बाहेर गेली, परत आत आली. रिंग खातं मागवलं. ओळी वर सरकत आल्या आणि थांबल्या. लहू केरू, सत्तावन्न, मयत.

झालं होतं. आईने सांगितलं ते झालं होतं. गिरणीची चिठ्ठी नव्हती, पण एका माणसावरून कोण भांडणार होतं? दस्तूरसाहेब दोन शब्द बोलले असते आणि विसरले असते. शैला त्या ओळीकडे बघत राहिली आणि तिला रडू येईल असं वाटलं, पण रडू आलं नाही. आलं ते काहीतरी अस्वस्थ, चपलेत खडा गेल्यासारखं. कारण वरची ओळ ॲबसेंट होती. खालची कोंडीराम सखाराम, एकसष्ट, ॲबसेंट. त्याच्या खालची ॲबसेंट. पडदाभर ॲबसेंट, आणि मधोमध एकटे आबा, सत्तावन्नवर थांबलेले, वेगळा शब्द अंगावर घेऊन. पुढचा पडदा मागवला, तिथेही तेच. त्या सगळ्यांची शेवटची हजेरी एकाच शनिवारची होती. त्यांतले आणखी किती जण गेले असतील, ज्यांची मुलगी दस्तूरसाहेबांकडे नोकरीला नव्हती?

तिला जॉबर दिसला. घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसलेला. मागच्या गेटाने ये, मी उभा राहतो, कुणाला कळणार नाही. आठ वर्षं जो माणूस त्या गेटातून एकटा गेला नाही, त्याला आज तिने सकाळी सकाळी, साहेब यायच्या आत, हाताला धरून आत नेऊन सोडलं होतं. आईच्या सांगण्यावरून. कोंडीरामकाकांनी तर स्वतः म्हटलं होतं, आमचं सोड. आबांनाही लोकांनी तेच म्हटलं असणार, तू जा, आमचं सोड; आणि त्यांना त्याचाच जास्त संताप आला असणार. त्या संतापाकडे ती आयुष्यभर पडद्याआडून बघत आली होती. आता तो तिच्याच छातीत होता आणि तो कशाचा होता ते तिला कळत होतं. त्याने बरं वाटलं असं मात्र नाही. तुम्ही तेव्हा मला हे सांगायला हवं होतं, असं ती मनातल्या मनात त्यांच्यावर ओरडली. सांगितलं होतं, जाळ्यावरून मान न उचलता. त्या बदलीला जाऊन सांग.

तिने मृत्यूची तारीख पुसली. वयाची सबरूटीन पूर्वीसारखी करून ठेवली. दर एक जूनला सगळ्यांबरोबर त्यांचंही वय वाढू दे. मग स्थितीची सबरूटीन उघडली आणि मयतची ओळ काढून तिथे दुसरी लिहिली. शेवटची हजेरी सोळा जानेवारी ब्याऐंशीची असेल आणि सोडल्याची तारीख नसेल, तर उत्तर: संपावर. पहिल्या जागी उत्तर. तिची अक्षरं चुकत होती. संप कुणी मागे घेतला नव्हता, ही साधी गोष्ट होती, शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. तरी ती लिहिताना आपण काहीतरी चोरतोय असं वाटत होतं. ती बाहेर गेली, आत आली.

तोवर दस्तूरसाहेब आले होते. एअरकंडिशनरच्या खोलीत डोकावून, आनंदा शिपायाला चहा सांगून ते केबिनमध्ये गेले. शैलाने यादीचा हुकूम टाइप केला. गिरणीच्या फाइलमधून, ज्यांची स्थिती ॲबसेंट आहे, ते निवड. बटण दाबलं.

मशीन गप्प झालं. एरवी ते पटकन सांगायचं, पण आज प्रत्येक नावासाठी त्याला डिक्शनरीत जायचं होतं, तिथून सबरूटीनला हाक मारायची होती, उत्तर घेऊन परत यायचं होतं, आणि पट मोठा होता. काचेमागे डिस्कचा आवाज येत होता, बारीक, एकसारखा. रिंग खाते झालं असेल. विणकर खाते सुरू असेल. कोंडीराम सखाराम, तू कुठे? नाव एकाचं, बोलणारा दुसराच, पण या वेळी बोलणाऱ्याला काय सांगायचं ते ठाऊक होतं. हे आजच्या दिवसापुरतंच टिकेल हे तिला माहीत होतं. उद्या गिरणीचा फोन येईल, साहेब तिला आत बोलावतील, कुणीतरी दुसरं येऊन त्याच नावाची तिसरी सबरूटीन लिहील, आणि नोटीस निघायची ती निघेलच. आईला संध्याकाळी काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं. मेले म्हणून लिहिलं नाही, आई. इतक्या माणसांतून त्यांना एकट्याला उठवता आलं नाही. आई ऐकून घेईल. लाटत राहील.

पडद्यावर एक ओळ उमटली. नोंद एकही नाही.

"शैला," केबिनमधून साहेबांचा आवाज आला, "लिस्ट निघाला काय?"

ती उठून दारापर्यंत गेली. साहेबांपुढे चहा होता, बशीत ओतलेला.

"नाही निघत, सर."

"केम? काय प्रॉब्लेम हाय?"

"प्रॉब्लेम काही नाही." तिला स्वतःचा आवाज नेहमीसारखाच ऐकू आला, जरा भरभर. साहेबांचं पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, "सगळ्यांना विचारून झालं. गैरहजर कुणीच नाही."